तेराशे सत्तेचाळीस वाचकांची नावं

"माझे तेराशे सत्तेचाळीस वाचक आहेत," असं मी कट्ट्यावर सहज बोलून गेलो. सहज म्हणजे त्या आठवड्यात तिसऱ्यांदा. ह्युबर्टने तोंडातला शेंगदाणा चावायचा थांबवला आणि म्हणाला, "नावं सांग."

बस. एवढ्यावरून पुढचं सगळं झालं.

हा ह्युबर्ट म्हणजे आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडच्या गावठाणातला. घोडबंदर रोडवर बिल्डिंगा उगवायच्या आधीपासून त्याचं घर तिथे आहे, आणि हे तो आम्हाला विसरू देत नाही. टेलिफोन खात्यातून निवृत्त. माझ्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून त्याचं पोर्च थेट दिसतं. म्हणजे मी बघत नाही, दिसतं. आवाज असा की साधं 'बस' म्हणाला तरी समोरचा उभा राहतो. त्याला हसताना कोणी पाहिलेलं नाही. माझ्या लेखनाबद्दल त्याचं एकच मत आहे आणि ते एका शब्दाचं आहे: "थापा."

वास्तविक मी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढली. कोरड्या कालव्यांतून किती पाणी वाहिलं याचे अहवाल लिहिले. त्यामुळे हात तयार होता. निवृत्तीनंतर सुनेने, सोनलने, वाढदिवसाला मला संकेतस्थळ काढून दिलं. मी त्याला 'आबांचे खरे अनुभव' असं साधं नाव दिलं. त्यावर मी चार महिन्यांत बरंच लिहिलं. पुरात कचेरीच्या पंख्याला लटकून राहिलेला आणि लटकल्या लटकल्या फायली निकाली काढणारा हेडक्लार्क. कल्याणच्या घाऊक बाजारात स्वतःचं वजन स्वतः सांगणारा भोपळा, तोही दोन किलो कमी सांगणारा. आणि सध्या चालू होता खेकडा. गायमुखला गाड्यांची रांग लागलेली असताना हा खेकडा खाडीतून वर येतो आणि बंद पडलेली रिक्षा ओढू लागतो. खेकडा तिरका चालतो, त्यामुळे घोडबंदर रोडवर पुढे सरकायला अत्यंत योग्य. तिसरा भाग मी अशा जागी थांबवला होता की खेकडा रिक्षासकट कापूरबावडीच्या सिग्नलला उभा आहे, आत बाळंतपणाच्या कळा सुरू झालेली बाई आहे, आणि सिग्नल लाल आहे.

तर नावं. ह्युबर्टला मी केव्हाच सोडून दिलं असतं, पण त्याच सुमाराला कल्याणच्या एका जुन्या वाचनालयाने 'लोकप्रिय ई-लेखक' म्हणून माझा सत्कार करायचं योजलं. अर्ज मीच केला होता, पण तो तपशील झाला. मी छापील यादी घेऊन गेलो. एक्केचाळीस पानं. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ आणि ठिपक्याठिपक्यांनी तोडलेला एक लांबलचक आकडा.

तिथे टेबलाशी अमृता नावाची बाई होती. तिने पहिलं पान पाहिलं, मग एकदम तेविसावं.

"काका, हे काय आहे?"

"वाचक."

"हे आकडे आहेत."

"आयपी पत्ते म्हणतात त्यांना. जो कोणी साइट उघडतो, त्याच्या जोडणीचा नंबर तिथे उमटतो."

"गेल्या वर्षी एक कवी असेच फोन नंबर घेऊन आले होते," ती थंडपणे म्हणाली. "समितीने फोन लावले. अर्धे प्लंबर निघाले. आम्हाला नावं लागतात, काका. किमान पंचवीस. पंधरा तारखेच्या आत."

मी परत आलो. येताना बस माजिवड्याला अडकली आणि मी सीटवर बसूच शकेना. आतापर्यंत हे तेराशे सत्तेचाळीस लोक माझ्या डोळ्यांपुढे गुण्यागोविंदाने नांदत होते. आता एकदम त्यांचे चेहरे पुसले गेले. कोण आहेत हे? कुठे राहतात? मला फोन का करत नाहीत?

संध्याकाळी कट्ट्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. दगडू म्हणजे आमच्या विंगमधला, एसटीतला निवृत्त कंडक्टर. तो म्हणाला, "आबा, आकडा मोबाइलवर दाबून बघ. कोणीतरी उचलेलच." मी दाबला. बाई म्हणाली, हा क्रमांक अस्तित्वात नाही. वाचकाबद्दल असं तोंडावर ऐकायची वेळ कुठल्याच लेखकावर येऊ नये.

"अरे येड्यांनो," ह्युबर्ट भुंकला, "डिरेक्टरीत नावावरून नंबर काढतात ना, तसं या आकड्यावरून उलटं नाव काढता येतं. आकड्याला विचारायचं, तुझं नाव काय? ठेवलेलं असलं तर सांगतो. हजार आकडे एकदम विचारायची पण सोय असते. पण तुना नाय जमायचं."

हे वाक्य ह्युबर्ट का बोलला असेल, याचा मी नंतर बराच विचार केला. माणूस स्वतःच्याच अंगणात खड्डा खणत असतो आणि त्याला वाटतं आपण शेजाऱ्याला खणायला शिकवतोय.

सोनलने रविवारी ती सोय शोधून दिली. ती इथेच, घोडबंदर रोडवरच्या आयटी कंपनीत आहे. ऑफिस घरातून दिसतं आणि पोचायला पाऊण तास लागतो. एक वेबपान होतं. डावीकडे चौकोन, उजवीकडे चौकोन, मध्ये बटण.

"आबा, डावीकडे पत्ते चिकटवायचे. एका ओळीत एक. बटण दाबायचं, उजवीकडे नावं येतील. फक्त पत्ते हं. दुसरं काही घालू नका."

ती गेली आणि मी बसलो. पण वाचकाला नुसत्या आकड्याने हाक मारणं मला प्रशस्त वाटेना. ही माणसं आपल्या घरी येऊन गेलेली. म्हणून मी प्रत्येक आकड्याच्या आधी 'श्री./सौ./कु.' असं टाइप करायला घेतलं. तेराशे सत्तेचाळीस वेळा. दोन दिवस लागले, उजवा खांदा धरला, बायकोने, मंजुळेने, शेक दिला. मग बटण दाबलं. उजवीकडे तेराशे सत्तेचाळीस वेळा एकच उत्तर आलं: पत्ता अवैध.

"मी सांगितलं होतं ना, दुसरं काही नको," सोनल म्हणाली.

"नुसता आदर होता गं त्यात."

"तो काढा."

आदर काढायला आणखी एक दिवस गेला.

दुसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा यंत्र विचारात पडलं. मी चहा ठेवला, उतू घालवला, बाल्कनीत गेलो, परत आलो, खुर्ची बदलली. मंजुळा म्हणाली, "एका जागी बसा, नाहीतर खाली जाऊन या." मी खाली जाऊन आलो. लिफ्टमधून वर येईपर्यंत उजवा चौकोन भरला होता.

पहिल्याच ओळीत नाव होतं क्रॉल. पुढे काही आकडे. दुसऱ्या ओळीतही क्रॉल. तिसऱ्या. शंभराव्या. मी मोजले. नऊशे दोन. सगळे परदेशातले.

"मंजुळा! परदेशात क्रॉल नावाचं मोठं घराणं आहे. सगळं घर मला वाचतं!"

"नऊशे माणसं," मंजुळा भाजी निवडत म्हणाली, "आणि एकालाही दुसरं काम नाही?"

रात्री जेवताना मी सोनलला ही आनंदाची बातमी सांगितली. तिने घास खाली ठेवला. सुना असा घास खाली ठेवतात तेव्हा समजावं.

"आबा, ती माणसं नाहीत. क्रॉल म्हणजे रांगणं; इंटरनेटवर शोधाशोध करून देणाऱ्या कंपन्यांची ही रांगती यंत्रं असतात. ती सगळ्या साइटवरून फिरतात, वाचतात आणि पुढे जातात."

"वाचतात ना?"

"वाचतात."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"मग झालं तर!"

"हसत नाहीत, आबा."

मी उठून हात धुतले.

आणखी एकशे अठरा आकड्यांना नावच नव्हतं. ते कोण, कुणालाच सांगता येईना. उरले तीनशे सत्तावीस. आणि हे मात्र अस्सल होते, कारण ही नावं इंग्रजी अक्षरांत पण चक्क मराठीत होती, आणि प्रत्येकाच्या शेपटीला 'सहदेवनेट' असं लागलेलं होतं. सहदेव म्हणजे आमच्या भागाला इंटरनेट पुरवणारा. शिडी, वायरचं वेटोळं आणि स्कूटर एवढा त्याचा पसारा. आमची सोसायटी आणि खालचं गावठाण, सगळी घरं त्याचीच.

नावं अशी:

बेल-वाजवू-नका-बाळ-झोपलंय. मांजर-राउटरवर. चहा-देते-सोडत-नाही. चप्पल-मोजतात. भांडतात-पण-वायर-नीट. कुत्रा-नाही-मालक-भुंकतो. गोष्ट-सांगून-थांबवतात.

मला वाटलं ही आजकालची टोपणनावं असावीत. तरुण पिढी घेते तशी. आनंदाच्या भरात मी ती यादी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि खाली नम्रपणे लिहिलं: 'यांपैकी आपण कोण ते कृपया कळवावे. सत्काराच्या अर्जाला नाव जोडायचे आहे.'

मग पहिल्या मजल्यावरून कोणीतरी लिहिलं, 'आमच्या राउटरवर मांजर बसतं. हे कोणी लिहिलं?' मग दुसरं. मग ग्रुप पेटला. सोसायटीत भांडण नसलेलं घर सांगा म्हटलं तर सगळे हात वर करतील; पण 'भांडतात' कोण, यावर त्या दिवशी चार घरांत भांडणं झाली, आणि तिथल्या तिथे उमेदवार निश्चित झाले.

अध्यक्ष रखमाबाईंनी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. नियमाप्रमाणे चौदा दिवसांची नोटीस लागते. ती द्यायची की नाही यावर अर्धा तास चर्चा झाली, आणि चर्चेलाच सगळे जमलेले असल्यामुळे तीच सभा धरण्यात आली. सहदेवला बोलावलं. तो शिडी घेऊनच आला. कुठेही बोलावलं तर तो शिडी घेऊनच जातो.

"ही नावं तू ठेवलीस?" रखमाबाईंनी विचारलं.

"हो बाई."

"'चहा-देते-सोडत-नाही' कोण?"

सहदेव छताकडे बघू लागला. रखमाबाईंच्या हातात किटली होती.

"बाई, प्रत्येक घराच्या जोडणीला एक आकडा असतो. आकड्याला नाव द्यायची सोय असते. मला फ्लॅट नंबर लक्षात राहत नाहीत. ए विंग, बी विंग, सातशे दोन, सगळं सारखंच. वायर तुटली की मला घर आठवायला पाहिजे. घर कशावरून आठवतं? माणसावरून. मला काय माहीत, ते बाहेर कोणाला दिसतं म्हणून? आजवर कोणी विचारलंच नाही. आबांनी हजार आकड्यांना नावं विचारली!"

सगळी सभा माझ्याकडे वळली. गुन्हेगार शिडीवाला होता आणि आरोपी मी झालो.

"आणि मी चपला मोजतो?" दगडू उठला. "मी कंडक्टर होतो! दारात किती जण आले ते मोजणारच!"

"मोजा की," सहदेव म्हणाला. "पण मी एकटा आलो तरी तुम्ही 'दोन' म्हणता."

"दोन चपला असतात!"

"आमचं बाळ," मागून एक बाई म्हणाल्या, "आता बारा वर्षांचं आहे. अजून झोपलंयच का तुझ्या यादीत?"

वातावरण निवळावं म्हणून मी उभा राहिलो. माझ्या हातात यादी होती आणि माझं लक्ष वेगळ्याच ओळीवर होतं. 'गोष्ट-सांगून-थांबवतात' या नावाने दोनशे तेहतीस वेळा माझी साइट उघडली होती! सकाळी, दुपारी, जेवणाआधी, जेवणानंतर. काही वेळा तर दर दहा मिनिटांनी.

"मित्रहो," मी म्हणालो, "या घरात माझा सर्वांत निष्ठावान वाचक राहतो. त्याने संकोच न करता पुढे यावं. त्याचा सत्कार मी स्वतः करीन."

कोणी पुढे आलं नाही. उलट सगळेच मागे टेकून बसले. मंजुळेने पदर तोंडाला लावला. सहदेव स्वतःच्या चपलांकडे पाहत होता.

"आबा," तो म्हणाला, "गेल्या खेपेला तुमच्याकडे पाच मिनिटांचं काम होतं. मी दुपारी आलो आणि दिवेलागणीला सुटलो. भोपळा."

मी बसलो.

घरी येऊन सोनलने उरलेला हिशोब लावला. दोनशे तेहतीस मी, वाचक वाढले का ते बघणारा. तेहतीस वेळा शेजारीपाजारी; पण प्रत्येक भेट चार सेकंदांची, कारण त्यांचा मोबाइल हातातून घेऊन साइट मीच उघडून दिलेली आणि मी पाठ फिरवताच त्यांनी ती बंद केलेली. माझ्या डोळ्यांसमोर तेराशे सत्तेचाळीस माणसांचं गाव एकेक घर करून रिकामं झालं. रात्रभर मी कूस बदलत होतो. बत्तीस वर्षं न वाहिलेल्या पाण्याचे अहवाल लिहिले, आणि आता न आलेल्या वाचकांची यादी.

सकाळी मी वाचनालयात फोन केला. खरं ते सांगितलं, म्हणजे बरंचसं. अमृताने पलीकडे कागद चाळले. मग म्हणाली, "काका, पंचवीस राहू द्या. समितीशी मी बोलते. एक आणा. सही करणारा एक खरा वाचक. परवा पंधरा आहे."

दया दाखवावी, पण इतकी स्वच्छ दाखवू नये.

एक ओळ मात्र उरली होती. कुत्रा-नाही-मालक-भुंकतो. एकसष्ट वेळा. रोज दुपारी अडीच वाजता, आणि प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटं. यादी छापल्यानंतरच्या तीन आठवड्यांच्या ताज्या नोंदीत मात्र रोज येऊन दोन मिनिटांत परत. सहदेवला विचारलं तर तो म्हणाला, "ते नाव मी सांगणार नाही. अंगावर येतील." पण सांगायची गरज काय? मी चार महिने बाल्कनीत उभा राहतोय. म्हणजे दिसतं.

दुसऱ्या दिवशी अडीचला पाच मिनिटं कमी असताना मी फॉर्म घेऊन गावठाणात उतरलो. दार ह्युबर्टच्या बायकोने, अ‍ॅग्नेसने उघडलं.

"या आबा. तो आत हाय, कॉम्प्युटरवर. या टायमाला कोणाशी बोलत नाय."

मी आत गेलो. ह्युबर्टने कॉम्प्युटरचा पडदा एवढ्या घाईने बंद केला की टेबलावरची गोळ्यांची डबी खाली पडली.

"काय रं? काय पायजे?"

मी फॉर्म पुढे ठेवला. एकसष्ट वेळा, असंही म्हणालो.

"मी?" त्याचा चेहरा तांबूस झाला. "मी नाय. अ‍ॅग्नेस बघते. रेसिपी बघते."

"माझ्या साइटवर रेसिपी नाही."

"खेकडा हाय ना!"

आतून अ‍ॅग्नेस म्हणाली, "माझं नाव नको घेऊ हां, ह्युबर्ट. मी देवाधर्माची बाई हाय."

"सही कर," मी म्हणालो. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. "एवढी एकच पाहिजे रे. उद्या पंधरा तारीख."

ह्युबर्टने फॉर्म उचलला, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. टेलिफोन खात्याचा माणूस. न वाचता तो प्रसादही घेत नाही. "'मी सदर लेखकाचा नियमित वाचक असून'," त्याने मोठ्यांदा वाचलं आणि फॉर्म टेबलावर आपटला. "हे कल्याणात भिंतीवर लागणार? ह्युबर्ट, थापाड्याचा नियमित वाचक? चाळीस वर्षं मी लायनीवर खरं-खोटं तपासलंय. नाय करणार सही."

मी उठलो. दुखावलेल्या माणसाने हळू उठायचं असतं, मीही हळूच उठलो. पण दुसऱ्याला थांबवायचं सुचावं एवढा वेळ देऊनही काही झालं नाही. दारात पोचलो. पायात चप्पल घातली.

"तीन आठवडे," मागून आवाज आला.

"काय तीन आठवडे?"

"तीन आठवडे तो खेकडा सिग्नलला उभा हाय!" ह्युबर्ट उभा राहिला होता. "रिक्षात बाई अडलीय! रोज अडीचला बघतो, सिग्नल लाल! रोज लाल! मना दुपारची झोप नाय! आणि तू काय करतोस? नंबर मोजत फिरतोस? हजार लोकांची नावं विचारतोस? त्या बाईचं काय झालं ते सांग आधी!"

मी तिथेच उभा राहिलो. तीन आठवडे. खरंच, त्या दिवशी कट्ट्यावर 'नावं सांग' ऐकल्यापासून मी एक ओळ लिहिली नव्हती.

"घोडबंदर रोड आहे," मी कसंबसं म्हणालो. "तीन आठवडे म्हणजे काही विशेष नाही."

"बाईला सांग जाऊन ते!"

मी गावठाणातून जवळजवळ पळतच निघालो. वाटेत रखमाबाईंनी चहाला हाक मारली. पहिल्यांदाच मी त्यांच्या दारातून सुटून गेलो. घरी येऊन मंजुळेला म्हटलं, जेवायला हाक मारू नकोस. खुर्चीत बसलो तो संध्याकाळी उठलो. इतके दिवस मला एका जागी पाच मिनिटं बसवत नव्हतं.

सिग्नल हिरवा केला. बाळंतपण माजिवड्याच्या पुलाखाली सुखरूप पार पडलं. खेकड्याने एका नांगीने नाळ कापली आणि दुसऱ्या नांगीने गर्दी आवरली. मुलगी झाली, ती जन्मतःच तिरकी चालू लागली, त्यामुळे ठाण्यात तिला कधीच कुठे पोचायला उशीर होणार नाही. हे सगळं खरं आहे.

फॉर्म ह्युबर्टच्या टेबलावरच राहिला, हे मला सोळा तारखेला आठवलं.

पण त्याआधीचं सांगतो, पंधरा तारखेचं. दुपारी मी बाल्कनीत उभा होतो. हातात मोबाइल, त्यावर साइटचा आकडा. अडीच वाजले. एक मिनिट काही नाही. मग आकडा एकाने वाढला.

मी मोबाइल खिशात ठेवला. दहा मिनिटं गेली. पंधरा. आणि मग खालच्या गावठाणातून आवाज आला. आधी एकदा, थोडा दबलेला. मग सलग, मोकळा, थांबेचना.

"कोणाचं कुत्रं गं एवढं भुंकतंय?" मंजुळेने आतून विचारलं.

अ‍ॅग्नेसकडे कुत्रा नाही, आणि ह्युबर्टला हसताना अजूनही कोणी पाहिलेलं नाही.